प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीपर्यंतचे इंग्रजी झाले आहे, ऑफिसची ईमेल लिहिता येते, वर्तमानपत्र अडखळत का होईना वाचून होते; पण अग्रलेखात दर परिच्छेदाला दोन-तीन शब्द अडतात आणि बोलताना गुड, नाइस, व्हेरी इम्पॉर्टंट यांच्या पुढे गाडी सरकत नाही. अशा वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. अगदी मुळाक्षरांपासून सुरुवात करणाऱ्यांना यातले फार थोडे उपयोगी पडेल.

‘प्रगत’ म्हणजे नेमके किती शब्द यायला हवेत?

आधी शब्द मोजायचे कसे, ते ठरवू. डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसायसिव्ह हे चार वेगळे शब्द धरले तर आकडा उगाच फुगतो. म्हणून अभ्यासक त्यांचे मिळून एक शब्दकुटुंब धरतात. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे या विषयातले मोठे नाव. त्यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा: कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे लागतात, आणि बोललेले इंग्रजी समजायला ६,००० ते ७,०००. इथे ‘समजणे’ म्हणजे मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असणे. पन्नास शब्दांमागे एकच अनोळखी.

याची दुसरी बाजूही बघा. सर्वाधिक वापरातली पहिली २,००० कुटुंबेच सर्वसाधारण मजकुराचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग व्यापतात. शाळेने यातली बहुतेक आपल्याला दिलेली असतात. ऐंशी टक्के ऐकायला भरघोस वाटतात, पण जवळपास दर पाच-सहा शब्दांनी ठेच लागत असेल तर वाचनाचा कंटाळा येणारच.

तेव्हा तुमचे खरे काम साधारण तीन हजारांपासून नऊ हजारांपर्यंतच्या पट्ट्यात आहे. रिलक्टंट, अंडरमाइन, प्लॉझिबल, स्क्रूटिनी, मिटिगेट असे शब्द या पट्ट्यात राहतात. त्यापलीकडचे दुर्मीळ शब्द हौसेचा भाग झाले. हौस जरूर करावी, पण पोट भरल्यावर.

मला आत्ता किती येतात, हे कसे कळेल?

नेशन आणि डेव्हिड बेग्लर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली एक चाचणी इंटरनेटवर फुकट मिळते. १४० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि प्रत्येक बरोबर उत्तर म्हणजे अंदाजे १०० शब्दकुटुंबे असा हिशेब असतो. अंदाजपंचे उत्तरे ठोकू नका, आकडा खोटा येईल. शिवाय ही चाचणी शब्द ओळखता येतो का एवढेच तपासते. तो वापरता येतो का, हा वेगळा मामला.

रोज किती शब्द शिकावेत?

‘रोज ५० शब्द, ३ महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ अशा जाहिराती रिक्षाच्या पाठीवर वाचायला ठीक आहेत. दिवसाला सहा नवे शब्द, आठवड्याचे पाच दिवस, असे धरले तर वर्षाला सुमारे १,५०० होतात. काही गळतील, काही वाचता वाचता आपोआप मिळतील. म्हणजे मघाच्या पट्ट्यातून पार व्हायला चार वर्षे. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, पण एवढा वेळ लागतो. सहाचे वीस केले की उजळणीचा ढीग साचतो आणि पंधरा दिवसांत सगळेच बंद पडते.

शब्दांची यादी पाठ करावी की वाचनातून शिकावे?

दोन्ही, पण यादी निवडून घ्या. मायकेल वेस्ट यांची सुमारे २,००० शब्दांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे कितीतरी पाठ्यपुस्तके तिच्यावर बेतली गेली. २००० मध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनातली ५७० शब्दकुटुंबे वेगळी काढली. शोधनिबंध, पाठ्यपुस्तके अशा मजकुरात सुमारे १० टक्के वाटा या एवढ्याशा शब्दांचा असतो. उच्च शिक्षण इंग्रजीतून घेणाऱ्याने डोळे झाकून घ्यावी अशी ही यादी आहे. ऑक्सफर्डच्या ३,००० आणि ५,००० शब्दांच्या याद्याही उघड्यावर आहेत. या सगळ्या वापर मोजून केलेल्या आहेत.

याउलट ‘१,००१ कठीण शब्द’ छापाच्या अकारविल्हे याद्या. स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा आणि वह्या उघडून बघा: अबेट, अबरेशन, ॲबस्काँड, ॲबस्टेन. ‘ए’ अक्षरावर सगळ्यांचे प्रभुत्व, ‘बी’मध्ये थोडी धाकधूक आणि ‘सी’नंतर वही कोरी. यात गंमत सोडली तर एक शास्त्रीय अडचणही आहे. दिसायला सारखे किंवा अर्थाने जवळचे शब्द एकाच बैठकीत शिकले की ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. ‘रागावलेला’साठी दहा समानार्थी शब्द एका दमात पाठ करणारा आठवड्याभराने त्यातला कुठला शब्द चिडचिडीचा आणि कुठला संतापाचा हे सांगू शकत नाही. त्यांतला आज एक घ्या, दुसरा महिन्याने.

वाचनातून शिकण्याची अडचण वेगळी. पाचव्या हजारातला शब्द एकदा भेटला की पुन्हा कधी भेटेल याचा नेम नाही, आणि एका भेटीत तो रुजत नाही. म्हणून वाचनात सापडलेला शब्द टिपून ठेवायचा आणि त्याची भेट आपणच पुन्हा पुन्हा घडवून आणायची. माझ्या मते सगळ्या पद्धतींचे सार एवढ्यात आले.

पाठ केलेला शब्द आठवड्यात विसरतो. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

नाही, सगळे विसरतात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरगट स्वतःच पाठ करून आपण किती आणि केव्हा विसरतो याच्या नोंदी ठेवल्या आणि १८८५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. सुरुवातीला झपाट्याने विसरतो, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हे त्यातून दिसले.

व्यवहारात करायचे काय? पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. जर्मनीत १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी खोक्यांची पद्धत लोकप्रिय केली. शब्द आठवला की कार्ड पुढच्या खोक्यात आणि विसरला की परत पहिल्यात. पहिले खोके रोज उघडायचे, पुढची उशिरा. चपलांच्या दोन जुन्या खोक्यांत पुठ्ठे उभे करून हे घरीही जमते. ‘अंकी’सारखी ॲप्स हेच काम गणिताने करतात. संगणकावर आणि अँड्रॉइडवर अंकी फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. अर्थ झाकायचा, आठवायचा प्रयत्न करायचा आणि मगच बघायचे. आठवताना होणारी ती ओढाताण हाच खरा अभ्यास. वहीची पाने भरभर उलटली की ‘हे तर येतंच’ असे वाटते, आणि तिथेच आपण फसतो.

कार्डावर मराठी अर्थ लिहावा की इंग्रजी?

वस्तूचा शब्द असेल तर बेधडक मराठी लिहा. किंगफिशर म्हणजे खंड्या, फेनेल म्हणजे बडीशेप. तिथे इंग्रजी व्याख्या वाचत बसणे म्हणजे द्राविडी प्राणायाम. अमूर्त शब्दांना मात्र एकच मराठी प्रतिशब्द चिकटवला की पुढे घोटाळा होतो. ‘इंटेग्रिटी’ला नुसते ‘प्रामाणिकपणा’ लिहिले, तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंटेग्रिटीचे काय करणार?

कार्डावर मूळ वाक्य हवेच. शब्द ज्या वाक्यात सापडला ते वाक्य, त्याच्यासोबत नेहमी येणारे एक-दोन शब्द, उच्चार, आणि गरज असेल तर मराठी अर्थ. एवढे पुरे. तीन रंगांच्या शाई वापरून सजवलेल्या वह्या बहुधा दुसऱ्यांदा उघडल्या जात नाहीत.

शब्दकोश कोणता वापरू?

परभाषिकांसाठी तयार केलेला. या प्रकारच्या कोशांची परंपरा जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांच्यापासून पुढे आली. त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने आणला. लाँगमनने १९७८ मध्ये साधारण २,००० सोप्या शब्दांतच सगळ्या व्याख्या देण्याचे बंधन घालून घेतले. १९८७ च्या कोबिल्ड कोशात तर व्याख्या पूर्ण वाक्यांत आहेत, त्यामुळे शब्द वापरायचा कसा हे व्याख्येतच कळते. हे सगळे, शिवाय केंब्रिजचा कोश, आज ऑनलाइन फुकट बघता येतात. इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेले जाडजूड कोश नंतर.

अर्थ बरोबर असूनही माझे वाक्य विचित्र का वाटते?

कारण शब्द एकटा राहत नाही, त्याची ठरलेली सोबत असते. मराठीत आपण गप्पा मारतो, उडी मारतो, हाक मारतो, बुडी मारतो, शिट्टी मारतो, पण प्रश्न मात्र विचारतो. परदेशी माणसाने ‘मी प्रश्न मारला’ म्हटले तर व्याकरणात खोट काढता येणार नाही, तरी आपण हसू. पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा असतो. उलटापालट करून बघा.

इंग्रजीतही तसेच. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’. गुन्हा ‘कमिट’ करतात, लक्ष ‘पे’ करतात, भाषण ‘डिलिव्हर’ करतात. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येत नाही. आपण ‘विषयाबद्दल चर्चा’ करतो म्हणून तो ‘अबाउट’ हमखास घुसतो. ‘सजेस्ट मी’ची गोष्टही तीच, ‘मला सुचव’चे ते शब्दशः इंग्रजी.

दुसरी गोष्ट शब्दाच्या छटेची. चाइल्डलाइक म्हणजे लहान मुलासारखा निरागस, चाइल्डिश म्हणजे पोरकट. पहिल्या शब्दाने माणूस सुखावतो, दुसऱ्याने भांडायला उठतो. स्लिम म्हणजे सडपातळ, स्किनी म्हणजे हडकुळा. ‘कनिंग’ला कुणी नुसते ‘हुशार’ लिहून ठेवले असेल आणि ते साहेबांच्या निरोपसमारंभात वापरले, तर पुढच्या बढतीचे काही खरे नाही.

म्हणून माझा आग्रह असा: हजार नव्या शब्दांचा फक्त अर्थ माहीत असण्यापेक्षा तीनशे शब्द त्यांच्या गोतावळ्यासकट माहीत असलेले बरे. वर आठ-नऊ हजारांचा आकडा दिला तो वाचण्यासाठी. लिहिण्याबोलण्यासाठी त्याच्या निम्मे शब्दही नीट हाताळता आले तर लोक तुमचे इंग्रजी उत्तम आहे असेच म्हणतील.

इंग्रजीत एकाच अर्थाचे इतके शब्द का आहेत?

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची दोन-तीनशे वर्षे दरबार आणि न्यायालयात फ्रेंचचा अंमल राहिला. चर्च आणि विद्येची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे जुन्या इंग्रजी थरावर फ्रेंच आणि त्यावर लॅटिन असे थर चढले. हेल्प हा जुना इंग्रजी, एड फ्रेंचमधून आलेला, असिस्टचे मूळ लॅटिनमध्ये. विचारण्यासाठी आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट.

मराठी माणसाला हे वेगळे शिकवायला नको. आपल्याकडे हातभार आहे, अरबी-फारसीतून आलेली मदत आहे आणि संस्कृत साहाय्य आहे. विहिरीत पडलेला माणूस ‘साहाय्य करा’ असे ओरडत नाही, आणि सरकारी परिपत्रकात ‘शेतकऱ्यांना हातभार’ऐवजी ‘अर्थसाहाय्य’ असते. कुठला थर कुठे शोभतो याचा हा कान तुमच्याकडे आधीच आहे, तो फक्त इंग्रजीला लावायचा. मित्राला लिहिताना ‘कमेन्स’ नको, ‘स्टार्ट’ पुरे. करारनाम्यात ‘कमेन्स’ शोभतो.

शब्दांची लॅटिन-ग्रीक मुळे शिकून फायदा होतो का?

होतो, आणि आपल्याला थोडा जास्तच. संस्कृत, लॅटिन, ग्रीक या एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे तत्सम शब्द येणाऱ्याला पुष्कळ ओळखीचे चेहरे भेटतात. डेंटलमध्ये दंत आहे, इग्नाइटमध्ये अग्नी. सर्पंट आणि सर्प, डिव्हाइन आणि देव, डोनेट आणि दान, व्हॉमिट आणि वमन, व्होकल आणि वाचा, मेंटल आणि मन. ‘कॉन्जुगल’ (वैवाहिक) हा अवघड वाटणारा शब्द जोडण्याच्या ज्या मुळातून आला, त्यातूनच आपला योग आला. ‘स्था’ तर स्टेशन, स्टेटस, स्टॅटिकपासून स्टेबलपर्यंत सगळीकडे उभा आहे.

पण या खेळाची चटक लागते आणि मग दिसेल त्या शब्दात संस्कृत दिसू लागते. आपला संत आणि इंग्रजी सेंट यांचा काहीही संबंध नाही. संत हा ‘असणे’ या अर्थाच्या ‘सत्’मधून आला, सेंट हा लॅटिन ‘सांक्टुस’मधून. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अशा जोड्यांपैकी बऱ्याच केवळ कानाला सारख्या लागतात. शंका आली की व्युत्पत्तीकोशात बघा.

मुळे स्मरणाला खुंटी म्हणून वापरा, अर्थ ठरवायला नको. ‘मॅन्युफॅक्चर’चे मूळ हाताने करणे असे आहे, म्हणून आजचा कारखाना हाताने चालत नाही.

वाचलेले शब्द बोलायला भीती वाटते. उच्चाराचे काय?

भीती रास्त आहे. ‘एपिटोम’ असा दिसणारा शब्द प्रत्यक्षात ‘इपिटमी’ आहे, ‘हायपरबोल’ हा ‘हायपर्बली’, आणि ‘सटल’, ‘डेट’ यांतला ‘बी’ मुका आहे. पण आपली मोठी अडचण आघाताची, म्हणजे शब्दाच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा याची. मराठीत आघात बदलल्याने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपले तिकडे लक्षच नसते. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’चा आघात पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर), ‘फटॉग्रफी’चा दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’चा तिसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर सुरुवातीला, क्रियापद असेल तर शेवटी. देवनागरीत लिहून घेतलेल्या उच्चारात हे हरवते, तेव्हा ऑनलाइन कोशातले स्पीकरचे चिन्ह दाबा, ऐका, मोठ्याने म्हणा, आणि कार्डावर आघाताचा अवयव अधोरेखित करा. व आणि व्ह यांचा फरक पुढे कधीतरी केला तरी चालेल.

‘द हिंदू’चे अग्रलेख वाचायलाच हवेत का?

वाचा, पण अग्रलेखातले दहा शब्द आणि त्यांचे अर्थ असे टेलिग्रामवर फिरणारे पीडीएफ म्हणजे वाचन नव्हे. अग्रलेखाची भाषा दाटही असते. पन्नासात एक अनोळखी शब्द हा निकष इथेही लावा. पाच-सहा अडत असतील तर तो मजकूर तूर्त बाजूला ठेवा आणि क्रिकेट, पाककृती, शेती, शेअर बाजार, ज्यात तुम्हाला आधीच गती आहे त्या विषयावरचे इंग्रजी घ्या. विषय ओळखीचा असला की शब्दाचा अंदाज बरोबर येतो.

थोडे पुढे गेल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे इंग्रजी जरूर वाचा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली, ती इंटरनेटवरही आहेत. संविधान सभेतले २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण घ्या. ‘ग्रामर ऑफ अनार्की’ हे त्यातले शब्द गाजले. दोन्ही शब्द सुशिक्षित वाचकाच्या ओळखीचे, जोडणी मात्र त्यांची स्वतःची. अख्ख्या भाषणात कोश उघडावा लागेल असे शब्द कमीच सापडतील.

शशी थरूर यांच्या २०१७ च्या ट्वीटमधल्या ‘फरागो’ने (म्हणजे खिचडी, सरमिसळ) अनेकांना कोश उघडायला लावला, ते मजेचे होते. पण फरागो शिकून तुमची एकही ईमेल सुधारणार नाही.

परीक्षेसाठी वेगळी तयारी लागते का?

परीक्षेवर अवलंबून आहे. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरईने ऑगस्ट २०११ पासून विरुद्धार्थी शब्द आणि उपमानांचे प्रश्न काढून टाकले. आता रिकाम्या जागा भरताना वाक्याचा रोख पकडावा लागतो, त्यामुळे जुन्या याद्यांचे महत्त्व कमी झाले, पण संपले नाही. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखन आणि संभाषणात चारपैकी एक निकष शब्दसंपदेचा, म्हणजे २५ टक्के. तिथे अवघड शब्द चुकीच्या जागी बसवलात तर गुण वाढत नाहीत. यूपीएससीचा अनिवार्य इंग्रजी पेपर ३०० गुणांचा असला तरी फक्त पात्रतेपुरता आहे. त्यासाठी वर्षभर शब्द घोकणे म्हणजे वेळेची नासाडी.

‘प्रीपोन’, ‘आउट ऑफ स्टेशन’ हे चुकीचे इंग्रजी आहे का?

भारतात नाही. प्रीपोन तर ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. पुण्यातल्या ऑफिसात खुशाल वापरा, लंडनच्या माणसाला लिहिताना टाळा. ‘पास्ड आउट इन २०१५’ मात्र परदेशी अर्जात लिहू नका, वाचणाऱ्याला तुम्ही बेशुद्ध पडला होतात असे वाटू शकते.

मराठी माध्यमातून शिकलो. आता उशीर झाला का?

उच्चार आणि व्याकरणाच्या सवयी वयानुसार घट्ट होत जातात. शब्द शिकण्याला मात्र अशी वयोमर्यादा नाही, ते माणूस मातृभाषेतही आयुष्यभर शिकतच असतो.

शब्द वाचताना समजतात, पण बोलताना ऐनवेळी आठवत नाहीत. काय करू?

सगळ्यांचे असेच असते. ओळखीच्या शब्दांपेक्षा वापरातले शब्द नेहमीच कमी, मराठीतही. दरी थोडी बुजवायची तर कार्ड उलटे चालवा: वर मराठी अर्थ किंवा गाळलेली जागा असलेले वाक्य, आणि शब्द तुम्ही आठवायचा. आठवड्याला चार-पाचच शब्द ‘वापराचे’ म्हणून निवडा आणि आपल्या खऱ्या आयुष्यातले वाक्य करा. ‘रिलक्टंट’साठी कोशातले वाक्य नको, ‘माझे वडील नवा फोन घ्यायला रिलक्टंट आहेत’ हे इंग्रजीत लिहा. मग त्या आठवड्यात एका ईमेलमध्ये किंवा संभाषणात तो शब्द मुद्दाम आणा. पहिल्यांदा ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. समोरच्याच्या ते बहुतेक लक्षातही येत नाही.